निबंध लिहिताना – लेखांक ४ : प्रत्येक विषयाचा पुरावा वेगळा

महाविद्यालयीन निबंधाची सुरुवात प्रश्नातल्या क्रियापदापासून होते. ‘वर्णन करा’, ‘कारणे सांगा’, ‘चिकित्सा करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ या चार वेगवेगळ्या मागण्या आहेत. यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेडला शिकणारा विद्यार्थी एकाच सत्रात तीन-चार विषयांच्या असाइनमेंट लिहितो आणि पुष्कळदा सगळ्यांची सुरुवात ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने करतो. हे वाक्य कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही. ते सरळ खोडावे.

इतिहासाला काळ, स्थळ आणि कारण यांची साखळी लागते. ‘पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे महत्त्व स्पष्ट करा’ या प्रश्नाला ‘हा लढा अत्यंत महत्त्वाचा व प्रेरणादायी होता’ असे लिहिले तर हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडात मिठापेक्षा चराई, गवत आणि सरपण यांवरचे निर्बंध लोकांना अधिक जाचत होते.’ पहिल्या वाक्यात घटना आहे, दुसऱ्यात तिचे कारण. महत्त्व वेगळे सांगावेच लागत नाही. जुना जिल्हा गॅझेटियर संदर्भाला घेतला, तर तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला आहे याची नोंद निबंधात हवी. साधन कोणाचे, हा प्रश्न इतिहासात सोडून चालत नाही.

अर्थशास्त्रात ‘मूल्यमापन करा’ म्हटले की आधी मोजपट्टी ठरवावी लागते. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ती शेतकऱ्याला मिळालेल्या भावाच्या खात्रीवर तोलायची, की पणन महासंघाला सोसाव्या लागलेल्या तोट्यावर? पहिल्याच परिच्छेदात हे सांगितले की पुढचे आकडे आपोआप जागेवर बसतात. बाहेर भाव चढले की कापूस राज्याच्या सीमेपलीकडे जाई, ही गोष्ट तर आदिलाबादला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात घरातल्या जाणत्यांनाही विचारता येते. अशी चौकशी निबंधात जरूर यावी; मात्र ती ऐकीव माहिती आहे हे तिथेच नमूद करावे.

विज्ञानाच्या निबंधात विशेषणांना जागा नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. हे दुःख मोठेच आहे. तरीही रसायनशास्त्राचा किंवा प्राणिशास्त्राचा निबंध ‘हृदयद्रावक’ या शब्दावर उभा राहत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे काम रोखते, त्यामुळे चेतासंधींत अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते आणि लाळ, घाम, आकुंचलेल्या बाहुल्या, श्वासाचा त्रास ही लक्षणे दिसतात. हा क्रम नीट लिहिणे हेच त्या निबंधाचे काम. पुढे दोन-तीन औषधे एकत्र मिसळणे, डोक्याच्या वर गेलेली कपाशी, हातमोजे-मास्कचा अभाव असे घटक येतील. त्यांपैकी सिद्ध झालेले कोणते आणि संभाव्य कोणते, हे शब्दांतून स्पष्ट दिसले पाहिजे.

साहित्यात पुरावा कलाकृतीच्या भाषेतच असतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीवर लिहिताना नायिका कौतिकच्या हालअपेष्टांचे कथानक पुन्हा सांगणे ही नेहमीची चूक. संवादांतली वऱ्हाडी बोली काय साधते, ते लिहावे. ती बोली घरी ऐकत वाढलेल्या यवतमाळच्या विद्यार्थ्याला हे मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा चांगले जमू शकते. दुर्दैवाने हीच जमेची बाजू तो ‘अशुद्ध’ म्हणून लपवतो.

विषय कोणताही असो, कच्चा मसुदा निदान दोन दिवस आधी पुरा करावा आणि एकदा मोठ्याने वाचावा. वाचताना जिथे अडखळायला होते, तिथले वाक्य बहुधा दुसरीकडून उतरवलेले असते. ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावे.