उणे ७१ ची तक्रार

मे महिन्यात सिडकोतल्या घरी नवा संगणक आला. जोडणी करणाऱ्या पोराला मी हट्टानं लिनक्सच टाकायला लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी पुढच्या पोर्टात पेनड्राइव्ह खुपसला. दिवा लुकलुकला आणि पुढे काहीच नाही. फोन केला, तर उत्तर तयारच होतं. "सर, लिनक्समधी असं होतंच. विंडोज टाकून देऊ का?"

आरोप जुनाच. पण यूएसबी ३.० लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००९ साली आलं. विंडोजमध्ये ते अंगभूत मिळायला २०१२ उजाडलं. शिवाय लिनक्स आपलं दुखणं लपवत नाही. टर्मिनल उघडा, आधी सुडो आणि मग डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं टाइप करा. कर्नेलचं रोजनाम्याचं बाडच समोर येतं. माझ्या बाडात शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१.

उपकरण जोडलं की संगणक आधी त्याला विचारतो, तू कोण, कुठल्या कंपनीचा? डिस्क्रिप्टर म्हणजे या प्रश्नाचं उत्तर, उपकरणाचं ओळखपत्र. उणे ७१ चा अर्थ, बोलणं नियमाप्रमाणे झालं नाही, मधेच काहीतरी तुटलं. उणे ११० असेल तर वाट पाहूनही उत्तर आलंच नाही. दोन्हींत पहिला संशय घ्यावा तो वायरीवर आणि जोडावर, कार्यप्रणालीवर नंतर. 'ओव्हर-करंट' दिसलं तर प्रकरण विजेचं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील, यूएसबी ३ चा ९००. बाहेरची हार्ड डिस्क फिरायला लागतानाच यापेक्षा जास्त मागू शकते. तिला स्वतंत्र वीजजोड असलेला हब द्यावा.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, अर्थिंगची. उन्हाळ्यात जमीन वाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात कुणी पाणी ओतत नाही आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. पॉवर सप्लायमधली गळती जमिनीत जायची ती पत्र्यावरच राहते. अशा घरात यूएसबी मधूनच तुटली तर नवल नाही. तिथे टर्मिनल सोडून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

माझ्याकडे झिणझिण्या नव्हत्या. तोच पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात लावला, तर क्षणात उघडला. म्हणजे पेनड्राइव्ह ठीक, लिनक्सही ठीक. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच डाखलेले असतात. पुढचे मात्र कॅबिनेटचे. तिथून एक जाड, ताठर वायर बोर्डापर्यंत येते. मेन स्विच बंद करून, विजेची वायर काढून झाकण उघडलं. त्या जाड वायरीचा निळा प्लग अर्धाच बसला होता, तोही तिरका. यात पिना वाकण्याचं भय असतं, म्हणून पोरं तो जपून, जरा जास्तच जपून दाबतात. सरळ करून नेटानं दाबला. संगणक सुरू करून पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टात लावला, पुन्हा तीच पाच अक्षरं टाइप केली; उणे ७१ गायब.

संध्याकाळी पोरगा विंडोजचा पेनड्राइव्ह घेऊन आलाच. त्यानं तो पुढच्या पोर्टात लावला. लिनक्सनं लगेच उघडून आतल्या सगळ्या फाइली दाखवल्या. मी चहा टाकला.