कोणता कॅट घेऊन उतरायचे?

खेळायचे पत्ते वर्गात नेले तर दुसऱ्या दिवशी एखाद्या पालकाची चिठ्ठी यायची. म्हणून आपण जुन्या लग्नपत्रिका घेऊ. त्यांच्या कोऱ्या पाठीचे नऊ सारखे तुकडे कापून त्यांवर १ ते ९ हे आकडे लिहू आणि त्यांचे तीन गट करू. २, ४, ९ हा नारिंगी कॅट. १, ६, ८ हा निळा. ३, ५, ७ हा पिवळा. खेळ अगदी सोपा आहे. दोघांनी एकेक कॅट घ्यायचा, तो पिसायचा, न बघता एक पत्ता ओढायचा. ज्याचा आकडा मोठा तो डाव जिंकला. ओढलेला पत्ता परत कॅटात घालून पुढचा डाव.

आता मुलांना विचारा, या तिघांतला सर्वांत चांगला कॅट कोणता? बहुतेक जण नारिंगीकडे बोट दाखवतील, कारण त्यात नव्वी आहे. एखादा हुशार विद्यार्थी बेरीज करील आणि म्हणेल, तिन्ही सारखेच, प्रत्येकाची बेरीज १५. दोन्ही उत्तरे मोजून तपासता येतात. नारिंगी आणि निळा समोरासमोर आले तर नऊ जोड्या संभवतात. नव्वी तिन्हींना हरवते, दुर्री आणि चव्वी फक्त एक्क्याला. म्हणजे नऊपैकी पाच डाव नारिंगीचे. निळा आणि पिवळा घ्या. अठ्ठी तिघांना हरवते, छक्की दोघांना, एक्का कोणालाच नाही. पाच डाव निळ्याचे. मग नारिंगी निळ्याहून सरस, निळा पिवळ्याहून सरस, तेव्हा नारिंगी पिवळ्याहून सरस असणारच, नाही का? मोजून पाहा. सत्ती दोघांना हरवते, पंजी दोघांना, तिर्री एकाला. पाच डाव पिवळ्याचे!

‘अ हा ब पेक्षा मोठा, ब हा क पेक्षा मोठा, म्हणून अ हा क पेक्षा मोठा’ या गुणधर्माला गणितात संक्रामकता म्हणतात. उंची, वजन, वय यांना ती लागू पडते. ‘हरवणे’ या संबंधाला ती लागू पडेलच असे नाही. आपले तीन कॅट म्हणजे ४-९-२, ३-५-७, ८-१-६ या ओळखीच्या जादूच्या चौरसाच्या तीन ओळी आहेत. अशा चौरसांचा अभ्यास आपल्याकडे जुना; नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त त्यावर भद्रगणित नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे.

हा सगळा खटाटोप एका वेगळ्या प्रकारच्या पत्त्यांसाठी. मेंढीकोट असो की रमी, आपल्या नेहमीच्या खेळांत कॅट सगळ्यांचा एकच असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे १२० पत्तेही साऱ्या खेळाडूंना सामाईकच. १९९३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ बाजारात आणला आणि ही चौकट मोडली. या खेळात हजारो निरनिराळे पत्ते आहेत. ते विकत घ्यायचे, आपसांत अदलाबदल करायची आणि त्यांतून प्रत्येकाने स्वतःचा कॅट रचून आणायचा. १९९६ मध्ये जपानात निघालेला पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळही याच जातीचा. स्पर्धेचे नियम ठरलेले असतात. मॅजिकच्या नेहमीच्या स्पर्धेत कॅट किमान ६० पत्त्यांचा हवा आणि मूलभूत जमिनीचे पत्ते सोडले तर एकाच नावाचे चारांपेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. खेळ सुरू होताना प्रत्येकाच्या हातात सात पत्ते येतात.

कमाल मर्यादा नसते, तरी जाणते खेळाडू साठावर एकही पत्ता का वाढवत नाहीत? हे अकरावी-बारावीच्या संभाव्यतेत बसणारे उदाहरण आहे. समजा, आपला सारा डाव एका पत्त्यावर उभा आहे आणि त्याचे चार नग आपण घातले आहेत. पहिल्या सात पत्त्यांत त्यांतला एकही न येण्याची शक्यता म्हणजे चारही नग उरलेल्या ५३ पत्त्यांत असण्याची शक्यता. म्हणजे ५३ × ५२ × ५१ × ५० भागिले ६० × ५९ × ५८ × ५७. हे उत्तर ०.६० येते, म्हणून निदान एक नग हाती येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. कॅट ८० पत्त्यांचा केला तर तीच शक्यता ३१ टक्क्यांवर उतरते. चाराऐवजी एकच नग ठेवला तर ६० पत्त्यांतही ती ७/६०, म्हणजे जेमतेम १२ टक्के. ‘थोडे हेही, थोडे तेही’ अशी खिचडी करणारा कॅट ऐन वेळी काहीच देत नाही.

पण कॅट कितीही नीट बांधला तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. समोरचा काय आणणार? या खेळांतही कॅटांची कुळे पडतात. काही झटपट हल्ला करून मोकळे होतात, काही समोरच्याची प्रत्येक चाल अडवत खेळ लांबवतात, काही दोन-तीन पत्त्यांचा एखादा घातक मेळ जुळेपर्यंत वाट पाहतात. आपल्या तीन रंगांसारखेच यांचेही एकमेकांशी नाते बऱ्याचदा वर्तुळाकार असते. १९९६ च्या उन्हाळ्यात मॅजिकच्या स्पर्धा ‘नेक्रोपोटन्स’ या एका काळ्या पत्त्याभोवती रचलेल्या कॅटांनी इतक्या व्यापल्या की त्या हंगामाला ‘काळा उन्हाळा’ हेच नाव पडले. अशा वेळी दोनच वाटा उरतात : तोच कॅट आणणे किंवा फक्त त्याला हरवण्यासाठी रचलेला कॅट आणणे.

पुन्हा वर्गात येऊ. ६० मुलांनी गुपचूप कॅट निवडले आहेत : नारिंगी ३०, निळे १०, पिवळे २०. आपण एकसष्टावे. कोणता घ्यावा? रीत सोपी आहे. ज्यांना आपण हरवतो त्यांची संख्या घ्या आणि जे आपल्याला हरवतात त्यांची तीतून वजा करा. नारिंगीला १० वजा २०, म्हणजे उणे १०. निळ्याला २० वजा ३०, पुन्हा उणे १०. पिवळ्याला ३० वजा १०, म्हणजे अधिक २०. (तिन्हींची बेरीज शून्य येते. का, हे मुलांनाच शोधू द्या.) पिवळा घ्यावा हे उघड आहे. पण हा हिशेब साऱ्या वर्गाने केला तर? पुढच्या आठवड्यात नारिंगी १०, निळे १०, पिवळे ४० असे काहीतरी होईल आणि मग निळ्याचा हिशेब अधिक ३० होईल. त्यापुढच्या आठवड्यात नारिंगी. तिन्ही रंग वीस-वीस झाले तरच कोणालाही रंग बदलण्यात फायदा राहत नाही. या अवस्थेला समतोल म्हणतात. फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये आणि नॅश यांनी १९५० मध्ये अशा समतोलांविषयीचे पायाभूत सिद्धांत मांडले.

शिक्षकांनी एक गोष्ट मुलांच्या नजरेस जरूर आणावी. बरोबर निवड करणारा जिंकतोच असे नाही. आपल्या कॅटाची प्रत्येक डावात ५/९ बाजू असेल तर तीन डावांच्या सामन्यात ती सुमारे ५८ टक्के होते. सात फेऱ्यांत साती वेळा आपल्याला हवा तोच प्रतिस्पर्धी भेटला, तरी अपराजित राहण्याची शक्यता फक्त २.३ टक्के. नुसत्या छापा-काट्याच्या मानाने ही तिप्पट आहे खरी. पण एका स्पर्धेच्या निकालावरून कोणाची निवड शहाणपणाची होती हे ठरवता येत नाही. परीक्षेच्या बाबतीतही आम्हाला असेच वाटते, पण तो विषय निराळा.

वरचे रंग आम्ही उगीच निवडले नाहीत. कॅलिफोर्नियात सरड्याची एक जात आहे, तिच्या नरांचे गळे नारिंगी, निळे किंवा पिवळे असतात. दांडगे नारिंगी नर मोठा प्रदेश बळकावतात आणि निळ्यांना हुसकावतात. निळे आपल्या मादीजवळ राहून राखण करतात, म्हणून पिवळ्यांची डाळ तिथे शिजत नाही. पिवळे मादीसारखे दिसतात आणि नारिंगीच्या अवाढव्य प्रदेशात चोरून शिरतात. सिनर्वो आणि लाइव्हली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की या तीन रंगांचे प्रमाण वर्षांगणिक आळीपाळीने वरखाली होते. त्या सरड्यांनी कोणताही हिशेब केलेला नसतो.

आता वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीकडे वळू. बोर अभयारण्याच्या शेजारचे, सेलू तालुक्यातले हे गाव. इथला शेतकरी जूनमध्ये जे ठरवतो तेही कॅट निवडण्यासारखेच आहे : कपाशी, सोयाबीन की तूर? निवड आधी करायची आणि बाकीच्यांनी काय निवडले ते माल बाजारात आल्यावर कळायचे. २०१५ मध्ये पाऊस कमी झाला, तुरीची डाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. देशभरच्या शेतकऱ्यांनी तो भाव पाहिला आणि २०१६ च्या खरिपात तूर वाढवली. पाऊसही बरा झाला. देशातले तुरीचे उत्पादन सुमारे २६ लाख टनांवरून सुमारे ४९ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर होता, पण बाजारातले दर त्याच्या खाली घसरले. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदान्यावाचून मोजमाप खोळंबले.

पत्त्यांच्या खेळाशी हे साम्य पुरते नाही, आणि फरक जास्त महत्त्वाचा आहे. खेळात एकाचे जाते ते दुसऱ्याला मिळते. तुरीच्या पिवळ्या रंगाकडे सगळे वळले तेव्हा मात्र तूर पेरणारे सगळेच एकदम हरले. शिवाय वर्गातला खेळाडू आठवड्याने रंग बदलतो. तुरीला शेतात सहा महिने लागतात आणि हातात एकच डाव असतो. म्हणूनच विदर्भात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचे तास घालण्याची पद्धत आहे. ६० पत्त्यांत जी खिचडी घातक ठरते ती इथे उपयोगी पडते, कारण शेतकऱ्याला पहिला क्रमांक नको असतो, घरखर्च भागायला हवा असतो. वरच्या वर्गात गणित शिकवणाऱ्यांनी हा फरक मुलांकडून काढून घेण्यासारखा आहे.

गावात कोणते पीक किती एकरांवर आहे, हे मुलांना पीक पाहणीच्या नोंदींतून मांडता येईल. अडचण एवढीच की ती नोंद पेरणी झाल्यावरच होते.