सुई टोचली तर रोज बुडू द्या, पण दवाखाना गाठा

आपल्या वस्तीतल्या कितीतरी आया-बहिणी पहाटेच पोतं घेऊन बाहेर पडतात. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचून भंगाराच्या दुकानात घालतात, त्यावर घर चालवतात. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या अनेक दलित बायांच्या वाट्याला हेच काम आलं. घाणीचं काम कोणाच्या गळ्यात मारायचं, हे जातीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. १९९३ साली पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली आणि कचरावेचक हा कामगार आहे, हे ठासून सांगितलं गेलं. मग कामगाराला कामावर इजा झाली, तर तिच्याकडे इजा म्हणूनच बघायला हवं.

नर्स म्हणून जखमा धुताना मी एक वाक्य सतत ऐकलं: "सिस्टर, जरासं टोचलंय, काही नाही." बाई फडकं गुंडाळते आणि पुन्हा पोतं उचलते. खाडा झाला तर संध्याकाळी चूल कशी पेटायची, ही तिची चिंता खरी आहे. पण कचऱ्यातली सुई कोणाच्या अंगातून निघाली, ते आपल्याला कळत नाही. प्रत्येक सुईनं आजार होतोच असं नाही. तरी हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तातून पसरतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर सात दिवसही तग धरतो.

सुई टोचली किंवा रक्त लागलेली काच, ब्लेड कापलं, तर असं करा:

१. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. जखम पिळू नका, तोंडानं चोखू नका. हळद, चुना, तंबाखू भरू नका.

२. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. "कचऱ्यातली सुई टोचली" असं स्पष्ट सांगा. नुसतं "लागलं" म्हणू नका.

३. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीची लस यांबद्दल विचारा.

४. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या लागतील का, हे डॉक्टर ठरवतात. त्या जितक्या लवकर, शक्यतो काही तासांतच, सुरू होतील तितक्या बऱ्या. ७२ तास उलटल्यावर त्या देत नाहीत. सुरू केल्या तर २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

५. पुढच्या रक्ततपासणीची तारीख चुकवू नका.

सुई टोचायची वाट कशाला बघायची? हिपॅटायटिस बीची लस आधीच घेता येते. मोठ्यांना तीन डोस लागतात: पहिला, मग एक महिन्यानं, मग सहा महिन्यांनी. कचरा हातानं न चिवडता आकडीनं बाजूला करा. पायात चप्पल नको, जाड तळाचे बूट हवेत.

आणखी दोन गोष्टी. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीचे सगळे डोस पूर्ण करा. खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध फुकट मिळतं.

आता घरात बसून हे वाचणाऱ्यांसाठी. हल्ली वस्तीतही घरोघर साखरेचे पेशंट आहेत. इन्सुलिनची सुई पिशवीत टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा, वर 'सुया' असं लिहा. फुटकी काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून वेगळे द्या. पॅड आणि डायपर गुंडाळून द्यावेत, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. कागदावर लाल ठिपका काढला की वेचणारीला न उघडता कळतं.

बचत गटाच्या किंवा विहाराच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: वस्तीत कोणाला सुई टोचली, तर तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल आणि तिचा बुडालेला रोज कसा भरून काढायचा. ही सोय झाली, तर "काही नाही" म्हणून ती जखम लपवणार नाही.