एकाच दस्तरखानाचे तीन रंग

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यातले शादीचे हॉल शांत होतात. व्हिडिओवाल्यांचे कॅमेरे मात्र रिकामे बसत नाहीत. मशिदीच्या अंगणातला सामूहिक इफ्तार, शाळेचा बक्षीस समारंभ, तरावीहमध्ये कुरआन पूर्ण होते ती रात्र, असे काही ना काही चालूच असते आणि हल्ली अशा प्रत्येक कार्यक्रमाला दोन-तीन कॅमेरे लागतात. घोळ उघड होतो तो एडिटिंगला बसल्यावर. पहिल्या कॅमेऱ्यात दस्तरखान पिवळट, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात किंचित हिरवे. दुआसाठी हात उचललेले बुजुर्ग एका कॅमेऱ्यात तांबूस दिसतात आणि पुढच्याच क्षणी राखाडी. कॅमेरा बदलला की माणूसच बदलल्यासारखा वाटतो.

यात कॅमेऱ्याचा दोष थोडा, उजेडाचा जास्त. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुना पिवळा बल्ब साधारण २,८०० केल्विन, दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास, तर सावलीतला निळसर उजेड ७,००० च्याही वर जातो. आपला डोळा हा फरक आपोआप सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तो सांगावा लागतो. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला की प्रत्येक कॅमेरा आपापल्या समोरचे पाहून वेगवेगळा निर्णय घेतो. मगरिबची वेळ तर सर्वांत अवघड. एका बाजूला मावळतीचे आकाश मिनिटागणिक निळे होत जाते, दुसऱ्या बाजूला मंडपातल्या ट्यूबलाइट लागतात. अजान होताच सारे हात एकदम खजुरीकडे जातात, आणि तो क्षण पुन्हा शूट करता येत नाही.

म्हणून निम्मे काम शूटिंगच्या आधीच उरकावे. सर्व कॅमेऱ्यांवर केल्विनचा एकच आकडा हाताने लावावा आणि पिक्चर प्रोफाइलही शक्य तितके सारखे ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० ठेवले तर दिव्यांची फडफड सहसा टळते. सुरुवातीला प्रत्येक कॅमेऱ्यासमोर दहा सेकंद ग्रे कार्ड धरावे. कार्ड नसेल तर बरेच जण समोरच्या पांढऱ्या कुर्त्यावरून रंग जुळवतात. पण नीळ दिलेला कुर्ता मुळातच निळसर असतो आणि जुना कुर्ता पिवळट. पांढऱ्यातही किती पांढरे असतात, हे इफ्तारच्या पंगतीत बसल्यावर कळते!

एडिटिंगमध्ये आधी एक कॅमेरा मुख्य ठरवावा. चेहरे सर्वांत स्वच्छ दिसतात तो घ्यावा. बाकीचे त्याला जुळवायचे, सगळे एकमेकांना जुळवत बसायचे नाही. पहिल्यांदा उजेड सारखा करायचा, कारण उजेड कमी-जास्त असेल तर रंगाचा अंदाज हमखास चुकतो. वेव्हफॉर्मवर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग एका पातळीला आणले की मग आरजीबी परेड पाहून पांढऱ्यातली निळी-पिवळी झाक काढायची. सिनेमासारखा ‘लूक’ द्यायचा असेल तर तो अगदी शेवटी, सर्व कॅमेऱ्यांवर एकसारखा. डाविंची रिझॉल्व्ह किंवा प्रीमिअर प्रोमध्ये आपोआप रंग जुळवण्याची सोय आहे. पण एका चौकटीत हिरवी भिंत आणि दुसऱ्यात फक्त चेहरे असतील तर तीही गोंधळते. संध्याकाळचे शूटिंग असेल तर एकच दुरुस्ती पूर्ण क्लिपला पुरत नाही. क्लिपचे तुकडे करून किंवा की-फ्रेम लावून उजेडामागे जावे लागते.

खरी परीक्षा चेहऱ्यांची. व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखावर त्वचेच्या रंगाची एक रेषा असते. माणूस गोरा असो, सावळा असो की काळा, सर्वांची त्वचा ढोबळमानाने याच रेषेच्या आसपास पडते. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. तरीही ‘भाई, थोडं गोरं करून द्या’ ही फर्माईश सुटत नाही. हा आजार जुना आहे. कोडॅक कंपनी फोटो छापताना रंग तपासायला ‘शर्ली कार्ड’ वापरायची, आणि त्यावर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. त्या मापाने छापलेल्या फोटोत काळे चेहरे अंधारात बुडून जात. एका कॅमेऱ्यातला माणूस उजळवून दुसऱ्याशी जुळवला तर आलेख कदाचित जुळेल, पण त्याच्या घरचे लोक त्याला ओळखायला क्षणभर अडखळतील. चांगला एडिटर चेहरा आहे तसाच ठेवून त्यावर पडलेली दिव्याची झाक तेवढी उतरवतो.

रमजानमध्ये हे काम बहुतेक तरावीहनंतर सुरू होते ते सहेरीपर्यंत चालते. तासभर पिवळट पडदा पाहिला की डोळ्याला तोच पांढरा वाटू लागतो. म्हणून मधूनमधून उठावे, नजर दुसरीकडे न्यावी आणि परतल्यावर आलेखावर भरवसा ठेवावा. खोलीत रंगीत दिवे लावू नयेत. फाइल देण्यापूर्वी ती एकदा साध्या मोबाइलवर आणि एकदा घरच्या टीव्हीवर चालवून पाहावी, कारण ईदच्या दिवशी लोक ती तिथेच पाहणार असतात.