‘ओनामा’ : व्युत्पत्ती, अर्थ आणि उपयोजन

प्रारंभवाचक म्हणून मराठीत ‘ओनामा’, ‘श्रीगणेशा’, ‘मुहूर्तमेढ’ आणि ‘नांदी’ हे शब्द रूढ आहेत. लेखनात ते पर्यायी म्हणून सर्रास योजले जातात. परंतु प्रत्येकामागचा मूळ संस्कार वेगळा असल्याने त्यांच्या अर्थच्छटाही भिन्न आहेत. त्यांपैकी ‘ओनामा’ या शब्दाचा येथे विचार केला आहे.

पारंपरिक शाळेत धुळाक्षरे गिरवताना मूल प्रथम ‘ॐ नमः सिद्धम्’ हे मंगलवचन शिके. त्याच्या पहिल्या दोन पदांपासून ‘ओनामा’ सिद्ध झाला. अनुस्वार पुढील नकारात मिसळला आणि विसर्ग लोपून अंत्य स्वर दीर्घ झाला. मधल्या ‘ना’चे दीर्घत्व सूर लावून घोकण्याच्या पद्धतीतून आले असावे. ‘ओनामासीधं’ या रूपात तिसरे पदही टिकून राहिलेले दिसते.

या वचनाचा अन्वय मात्र सरळ नाही. ‘नमः’ या अव्ययाच्या योगे चतुर्थी अपेक्षित असते. त्यामुळे ‘सिद्धाय’ वा ‘सिद्धेभ्यः’ असे रूप हवे होते. जैन परंपरा येथे सिद्धांना केलेले वंदन पाहते. दुसऱ्या दृष्टीने ‘सिद्धम्’ हे स्वतंत्र मंगलपद ठरते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखाचा आरंभ याच पदाने होतो, ही बाब दुसऱ्या अर्थाला पोषक आहे. सातव्या शतकातील चिनी प्रवासी इत्सिंग यानेही मुलांच्या पहिल्या पाठाचा निर्देश ‘सिद्ध’शी निगडित नावानेच केला आहे. एवढे निश्चित, की अक्षरारंभाचा हा संस्कार एका पंथापुरता मर्यादित राहिला नाही.

अक्षरओळखीशी असलेले हे नाते शब्दाच्या उपयोजनात आजही जाणवते. ‘ओनामा गिरवणे’ म्हणजे प्राथमिक अवस्थेत असणे; ‘ओनामाही ठाऊक नसणे’ म्हणजे विषयाचे मूलभूत ज्ञान नसणे. येथे कर्ता नवशिका असतो. ‘श्रीगणेशा’ कोणत्याही कार्याचा होतो. त्यात कर्त्याच्या अननुभवाची सूचना नसते. ‘मुहूर्तमेढ’ ही मांडवाची पहिली मेढ असल्याने पुढे उभ्या राहणाऱ्या रचनेचा पाया तीत गृहीत असतो. ‘नांदी’ नाटकापूर्वीची, म्हणून ती येणाऱ्या घटनेची पूर्वसूचना देते.

हा भेद दुर्लक्षिला की विधानाचा अर्थच पालटतो. १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू करून बाळशास्त्री जांभेकरांनी मराठी वृत्तपत्रसृष्टीची ‘मुहूर्तमेढ’ रोवली, असे म्हटल्याने त्यांच्या कार्याचे संस्थापक स्वरूप व्यक्त होते. त्याच ठिकाणी त्यांनी पत्रकारितेचा ‘ओनामा गिरवला’ असे लिहिल्यास संस्थापकाला शिकाऊ ठरवल्यासारखे होते. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून हा विवेक येत नाही. त्यासाठी शब्दामागील संस्काराची ओळख आवश्यक असते, आणि भाषेच्या अध्यापनात तिला स्थान मिळायला हवे.