बॅटरीचा दाब उतरविताना

ज्या शाळेत वा ग्रामपंचायत कार्यालयात सौरसंचाची बॅटरी २४ व्होल्टची आहे, तेथे ५ व्होल्टवर चालणारे उपकरण तिला थेट जोडता येत नाही. दाब उतरविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रेषीय नियामक. बाजारात मिळणारा ‘७८०५’ हा त्यांपैकीच एक होय.

हा नियामक जादा दाब स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. उपकरणाने अर्धा अँपिअर प्रवाह घेतल्यास त्याच्या वाट्याला अडीच वॅट येतात. १९ व्होल्टच्या फरकापोटी साडेनऊ वॅट मात्र वाया जातात. साठविलेल्या विजेचा जेमतेम पाचवा भाग कामी येतो. पुरेसा मोठा हीट सिंक नसल्यास नियामक तापून बंद पडतो. दोन नियामक एकापुढे एक जोडल्यास उष्णता विभागली जाते, कमी होत नाही. ४८ व्होल्टच्या बॅटरीस तर ‘७८०५’ जोडूच नये. त्याची कमाल मर्यादा ३५ व्होल्ट आहे.

सारांश, काही मिलिअँपिअरवर चालणाऱ्या पाणीपातळी-दर्शकासारख्या साधनास रेषीय नियामक पुरेसा आहे. अधिक प्रवाहासाठी स्विचिंग पद्धतीचा परिवर्तक घ्यावा. त्यात सामान्यतः ८० ते ९० टक्के वीज उपयोगी पडते. खरेदीपूर्वी किमतीबरोबरच वॅटचा हा हिशेबही अवश्य मांडावा.