कानावर पडलेलं हातापर्यंत

‘पिकिटप्’ हा शब्द कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. बीड जिल्ह्यातल्या केज किंवा गेवराईच्या एखाद्या अभ्यासिकेत इंग्रजीची तयारी करणाऱ्या मुलीला तो नुसता ऐकवला तर ती गोंधळते. मग कागदावर ‘पिक’, ‘इट’, ‘अप’ असे तीन शब्द सुटे लिहून दाखवा. तिन्ही तिला प्राथमिक शाळेपासून पाठ असतात. ‘उचल ते’, एवढाच तो अर्थ. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावी झालेल्या मुलीने हा विषय दहा वर्षं अभ्यासलेला असतो, आणि तरीही बोललेलं इंग्रजी तिच्या कानावरून निघून जातं. यात तिच्या हुशारीचा प्रश्न नाही. ती इंग्रजी डोळ्यांनी शिकली, कानाला कुणी शिकवलंच नाही.

ऐकणं, वाचणं आणि लिहिणं या तीन कप्प्यांत वाटलेल्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असं समजून आपण सराव करतो आणि तिथेच फसतो. सोमवारी व्हिडिओ, मंगळवारी वर्तमानपत्र, बुधवारी निबंध. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नसतो, त्यामुळे सोमवारी भेटलेला शब्द पुन्हा गाठ पडत नाही आणि विसरला जातो. त्यापेक्षा एकच छोटा उतारा घ्यावा आणि तोच कानातून, डोळ्यांतून आणि हातातून फिरवावा. आठवडाभर एकच. हे कसं करायचं ते नीट सांगतो.

त्याआधी कानाबद्दल थोडं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रजीत वाक्यातले दोन-तीन महत्त्वाचे शब्द ठासून उच्चारले जातात आणि मधले बारके शब्द त्यांच्यामध्ये दाबून बसवले जातात. ‘ऑफ’चा नुसता ‘अव’ होतो, ‘टू’चा ‘ट’, ‘कॅन’चा ‘कन’. आणि ‘अँड’चा? ‘अन्’. आपण ‘भाकरी अन् ठेचा’ म्हणतो तोच अन्! ‘ब्रेड अँड बटर’ हे घाईत ‘ब्रेडन्बटर’ असं ऐकू येतं. देवनागरीचा इथे फार उपयोग होतो, कारण कानाला जे ऐकू आलं ते ती जसंच्या तसं टिपू शकते. रोमन लिपीतलं स्पेलिंग आवाजाबद्दल फारशी खात्री देत नाही. या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती त्यासाठीच.

शिवाय बोलण्यात आणि लिहिण्यात फरक असतो, हे बीडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. पुस्तकात ‘तू काय करत आहेस’ असतं, घरात आपण ‘काय करायलास’ म्हणतो. तांड्यावरचं लेकरू घरी बंजारा बोली बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि बाजारात दखनी ढंगाची हिंदी उचलतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे त्या पिढीतल्या अनेकांनी शाळेची पायरीही न चढता ती भाषा कानाने आत्मसात केली. दुसरी भाषा कानाने घ्यायची सवय या मातीत आहेच. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण थेट व्याकरणाच्या पुस्तकातून सुरुवात केली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवलं आणि तिचे उपकार मोठेच आहेत. पण पुस्तकाला आवाज नसतो.

आता उतारा. या लेखापुरता मी एक रचला आहे:

एव्हरी इयर आफ्टर दिवाळी, थाउजंड्स ऑफ फॅमिलीज लीव्ह अवर डिस्ट्रिक्ट टू कट शुगरकेन. दे टेक द पॉट्स अँड द बेडिंग विथ देम. सम ऑफ द चिल्ड्रेन स्टे बॅक विथ देअर ग्रँडपेरेंट्स. व्हेन आय वॉज इन द सेकंड स्टँडर्ड, आय स्टेड बॅक टू.

उसतोडीला जाणारी कुटुंबं, सोबत नेलेली भांडी-अंथरुणं, आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली मुलं. विषय ओळखीचा घेतला तो मुद्दाम. गोष्ट आधीच माहीत असली की मनाची सगळी ताकद भाषेकडे वळते. लंडनच्या भुयारी रेल्वेवरच्या उताऱ्यात भाषाही नवी आणि जगही नवं, मग मुलगा दोन्हीकडून अडतो.

असे उतारे आवाजासह कुठे मिळतात? बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मोफत आहे आणि त्याची संहिताही सोबत मिळते. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश’वर पातळीनुसार लावलेली ध्वनिमुद्रणं आहेत. व्हॉइस ऑफ अमेरिकाने 1959 मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं होतं. सुमारे 1500 शब्दांतच बातमी सांगायची आणि सावकाश वाचायची, असा त्यांचा दंडक होता. शिकणाऱ्यासाठी भाषा कशी सोपी करावी याचा तो उत्तम नमुना आहे. आणि हे काहीच जमलं नाही, तर आपल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना पाच ओळी फोनवर रेकॉर्ड करून मागा. तेवढंही पुरतं.

पहिल्या दिवशी कागद न बघता तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त कशाबद्दल चाललंय ते ओळखायचं, उसाबद्दल की शाळेबद्दल. दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन करा. एक वाक्य ऐका, थांबवा, लिहा. जे कळलं नाही ते मोकळं न सोडता देवनागरीत जसं ऐकू आलं तसं लिहा. ‘थाउझन्झव फॅमलीज’ लिहा, ‘विदम’ लिहा. लाजायचं नाही. ही कच्ची वही हीच तुमची खरी तपासणी आहे.

तिसऱ्या दिवशी संहिता उघडा आणि ओळीला ओळ लावून बघा. चुका मोजण्यापेक्षा त्या कशामुळे झाल्या ते बघणं जास्त महत्त्वाचं. ‘बेडिंग’ हा शब्दच माहीत नव्हता, तर तो शब्दसंग्रहाचा प्रश्न. वाक्यासकट वहीत उतरवला की झालं. ‘विथ’ आणि ‘देम’ दोन्ही माहीत होते पण ‘विदम’ ओळखू आलं नाही, तर तो कानाचा प्रश्न आणि त्यावर शब्दकोश काही करू शकत नाही. तो तुकडा दहा वेळा ऐकावा लागतो, तोंडाने तसाच म्हणावा लागतो. तिसरी चूक जरा वेगळी असते. शब्द सगळे कळले, पण पहिल्या शब्दाचा अर्थ लावेपर्यंत वाक्य पुढे निघून गेलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत अर्थ धरून ठेवायची आपल्याला सवय असते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला लागून येतं. ‘लीव्ह’ ऐकलं की लगेच ‘सोडून जातात’ हे मनात पक्कं करायचं आणि काय सोडून, कशासाठी, ते मागून येऊ द्यायचं. मनातल्या मनात मराठी वाक्य उलटं जुळवत बसलं की पुढचं सुटतं. बहुतेक मुलं पहिल्या प्रकारच्या चुकीवरच सगळी मेहनत घेतात आणि शब्द पाठ करत राहतात. माझ्या पाहण्यात तरी जास्त गळती दुसऱ्या प्रकारात असते.

वेग फार कमी करून ऐकू नका. पाऊण पट चालेल, पण अर्ध्या वेगात आवाज ताणला जातो आणि ज्या दबलेल्या अक्षरांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचं रूपच बदलतं. व्हिडिओ बघत असाल तर खाली इंग्रजीच अक्षरं लावा. मराठी किंवा हिंदी ओळी असल्या की डोळा तिकडेच राहतो आणि कान मोकळा बसतो. ब्रिज कोठारी यांनी आपल्या देशात चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवण्याचं काम उभं केलं, ते साक्षरांचं वाचन पक्कं व्हावं म्हणून. गाण्याचा आवाज आणि त्याची अक्षरं एकाच वेळी मिळाली की दोन्हींची गाठ बसते. परक्या भाषेलाही तेच लागू पडतं.

चौथ्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, सोबत बोला. घरात कुणी हसेल असं वाटलं तर शेताच्या बांधावर जा.

वाचनाबद्दल एका सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. ‘रोज इंग्रजी पेपर वाच’ असं घराघरात सांगितलं जातं. मुलगा मनापासून सुरू करतो, पहिल्या परिच्छेदात बारा शब्द अडतात आणि आठवडाभरात पेपर रद्दीत जातो. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने या प्रश्नावर आयुष्य घालवलं. शब्दकोश न उघडता नीट समजून वाचायचं असेल तर शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे लागतात, असं त्याच्या कामातून दिसलं. इंग्रजी वर्तमानपत्रासाठी तेवढी ओळख व्हायला 8000 ते 9000 शब्दकुटुंबं लागतात. नवशिक्याकडे ती नसतात, म्हणून पेपर त्याला दगडासारखा वाटतो. कसोटी सोपी आहे. पान उघडा, शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. एक-दोन रेघा असतील तर ते पुस्तक तुमचं. पाच-सहा असतील तर ते अभ्यासाला ठेवा. त्याहून जास्त असतील तर बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी बघू.

मग वाचायचं काय? ऑक्सफर्डची ‘बुकवर्म्स’ मालिका पायऱ्यांनी लिहिलेली आहे. पहिली पायरी 400 मूळ शब्दांची, सहावी 2500 ची. ती महाग वाटली तर ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ 2015 पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे. तिथे चार पातळ्यांच्या गोष्टी आहेत आणि कित्येक गोष्टी मराठीतही आहेत, इंग्रजीतही. आधी मराठीतून वाचा, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून. अर्थ आधीच हातात असतो, त्यामुळे नवा शब्द आपोआप आपली जागा दाखवतो. लेकरांच्या गोष्टी मोठ्या माणसाने वाचायला कमीपणा वाटून घेऊ नये. त्या गोष्टींतली वाक्यं लहान आणि खणखणीत असतात, आणि लिहायला सुरुवात करणाऱ्याला तशीच लागतात.

लिहिण्याकडे येऊ. माझ्या मते सर्वांत चांगली युक्ती अडीचशे वर्षांपूर्वी बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. बोस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा हा मुलगा. ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातला लेख आवडला की तो प्रत्येक वाक्याचा नुसता इशारा टिपून ठेवायचा. काही दिवस जाऊ द्यायचे, मग मूळ लेख न बघता त्या इशाऱ्यांवरून सगळा लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभा करायचा. शेवटी मूळ लेखाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या. शिकवायला कुणी नव्हतं, मूळ मजकूरच त्याचा गुरुजी झाला. गावात इंग्रजी तपासून देणारं कुणी नसलं तरी ही वाट बंद होत नाही.

आपल्या उताऱ्याचे इशारे मराठीत चार ओळींत मावतात: दिवाळीनंतर, ऊस, जिल्हा सोडणं, भांडी-अंथरुणं, काही मुलं मागे, मीही, दुसरीत. पाचव्या दिवशी हे टिपा, वही मिटा आणि सातव्या दिवशी लिहायला बसा.

आता गंमत बघा. शेवटचं वाक्य लिहिताना बहुतेकांच्या मनात येतं ते ‘मीही मागे राहिलो होतो’. आणि हात लिहून जातो ‘आय हॅड स्टेड बॅक टू’. मूळ पानावर ‘आय स्टेड बॅक’ आहे. मराठीत ‘मी काल बीडला गेलो होतो’ हे अगदी सहज बोलणं आहे. तो ‘होतो’ आपण इंग्रजीत ‘हॅड’ म्हणून घेऊन जातो. इंग्रजीत ‘हॅड’ लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कुठली ते दाखवायचं असेल तर. ‘मी स्टँडवर पोचलो, तोवर एसटी निघून गेली होती’, इथे तो हवा. कालची एकच गोष्ट सांगताना साधा भूतकाळ पुरतो. व्याकरणाच्या तासाला हा नियम ऐकून विसरला जातो. पण आपल्या हाताने लिहिलेला ‘हॅड’ शेजारच्या पानावर नाही हे एकदा दिसलं की तो डोक्यात बसतो.

दुसरीकडे आपल्या बोलीने मोठी सोय करून ठेवली आहे. ‘मी शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत जायलोय’ यातला फरक बीडच्या लेकराला बोट धरून दाखवावा लागत नाही. पहिलं रोजचं, दुसरं आत्ता चाललेलं. ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ नेमके तसेच आहेत. फक्त ‘माहीत असणं’, ‘आवडणं’ अशा क्रियापदांना ‘इंग’ जोडायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं. ‘द’चं मात्र तसं नाही. मराठीत त्याला जोड नाही. उताऱ्यात ‘द पॉट्स’ आहे ते का, तर ती घरातली ठरलेली भांडी, कुठलीही नव्हेत. हा एक शब्द उताऱ्यामागून उताऱ्यात भेटतच राहावा लागतो. नियम पाठ करून तो पुरता येत नाही.

मूळ मजकुराशी ताडून झालं की त्याच साच्यात स्वतःच्या चार ओळी लिहा: मागे राहिलात तेव्हा कोण जेवू घालायचं, पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचा हंगाम संपल्यावर, आई-बाप परत आले तेव्हा काय झालं. या ओळी तपासायला फोनवरचं एआय वापरायला हरकत नाही, पण क्रम चुकवू नका. आधी पेनने वहीत लिहा, मग ओळी टाइप करून त्याला एवढंच सांगा की चुकीच्या जागा दाखव, दुरुस्त मी करतो. त्यालाच लिहायला लावलं तर सराव त्याचा होतो.

रोज 30 मिनिटं पुरतात. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कानाला जास्त लागू पडतो, कारण विसरायला लागण्याआधीच तो तुकडा पुन्हा भेटतो. परदेशात नोकरीसाठी आयईएलटीएस देणाऱ्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. तिथे ऐकण्याच्या भागात 40 प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. म्हणून आठवड्यातून एकदा, नवा उतारा एकदाच ऐकून सोडून द्यायचा.

महिनाभराने पहिल्या आठवड्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावा आणि दुसऱ्या दिवशीची ती कच्ची वही समोर ठेवा. ‘विदम’ लिहिलं होतं तिथे आता ‘विथ देम’ सुटं ऐकू येत असेल तर पुढचा उतारा थोडा लांब निवडा. येत नसेल तर तोच आणखी एक आठवडा.